ढोपरभर पाण्यातलं पोहणं

पोहण्याची कल्पना माझीच. खापर फोडायला दुसरं डोकं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

माझ्या मोठ्या भावाच्या मुलीला सिकलसेल. सांधे दुखायला लागले की पोर कळवळायची. रक्त चढवायला गोंदियाला न्यायचं तर सौंदडहून रेल्वे पकडायची, आणि डब्यात जागा मिळाली तरी तिला बसवत नसे. आसपासच्या गावांत अशी आणखी लेकरं होती. त्या सगळ्यांसाठी भाड्याची जीप लावावी, एवढंच हवं होतं. शहाण्या माणसानं दारोदार फिरून वर्गणी मागितली असती. मी पडलो गोंदियाच्या कॉलेजात शिकवणारा. शहाणपणाशी माझा संबंध पगारापुरता. टीव्हीवर कुठल्याशा शहरातले लोक देणगीसाठी पोहताना पाहिले आणि ठरवून टाकलं. गावचा तलाव पोहून पार करायचा, जेवढे पार होतील तेवढ्यांमागे गोंदियाचे व्यापारी देणगी देतील.

तयारी दणक्यात केली. बॅनर, मंडप, पाहुण्यांना चहा-पोहे, कोणी बुडू नये म्हणून मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे. स्वतःही उतरणार होतो. लहानपणी म्हशीचं शेपूट धरून शिकलेलं पोहणं माझ्या पोटाला अजून आठवत असेल, असा भरवसा होता. फक्त तारीख ठरवताना धान आठवलं नाही. धान निसवतं त्याच सुमारास पाऊस दगा देतो, आणि मग तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून धानाच्या बांध्यांना शेवटचं पाणी सोडतात. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी शेतकऱ्याचा मुलगा, पण मला बॅनरचा रंग ठरवायचा होता.

त्या सकाळी तलावाच्या पाळीवर पोचलो तर पाणी तळाला गेलेलं. मधोमध ढोपरभर पाणी, बाकी चिखल. तुडूम कोणी उघडलं, असं ओरडत मी धावलो. भाऊ फावडं धूत उभा होता.

"मीच उघडलो," तो म्हणाला. "धान पाण्यावाचून वारून राहिला होता. तुह्या पोहण्यापायी गाव उपाशी ठेवू का गा?"

"भाऊ, पोरगी तुही हाये ना!"

"धान बी माहाच हाये. अन् तुह्या वाट्याची बांधी बी त्यातच हाये."

तेवढ्यात व्यापाऱ्यांची गाडी आली. त्यांतल्या थोरल्या शेठनं तलाव पाहिला, बॅनर पाहिला, मग मला पाहिलं.

"मास्टरजी, तैरने का बोले थे. यहाँ तो रोपा लगाना पड़ेगा."

इभ्रत राखायला मी पँट दुमडून उतरलो. मागोमाग तरणी मंडळी आणि पदर खोचून बायका. चिखलात धानाची रोवणी करून करून पाय तयार झालेल्या त्या बायका झपाझप पलीकडे पोचल्या. मी मध्यावर मांडीपर्यंत रुतलो, ना पुढे ना मागे. शेवटी दोघा ढिवरांनी काखेत हात घालून मला उपसलं आणि डोंग्यात टाकलं. शेठ हसून हसून खाली बसले. "ये तो तैरने से कठिन है," म्हणाले आणि पार गेलेल्या सगळ्यांचे पैसे त्यांनी दिले. मला धरायचं की नाही, यावर जरा वाद झाला. पण जीपचं जमलं.

काठावर शाल पांघरून बसलेली पुतणीही पोट धरून हसत होती. इतकी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी मनातून फार खूश झालो.

"काका," ती म्हणाली, "पुढच्या साली मी बी उतरू का जी?"

गार पाण्यात भिजली की तिचं दुखणं उसळायचं, म्हणून डॉक्टरांनी तलावात पाय बुडवायलाही मनाई केली होती. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिनं फक्त काठावर बसून पाहावा असाच कार्यक्रम मी नेमका शोधून काढला होता.

उत्तर भावानं दिलं.

"उतरजो," तो म्हणाला. "मी तलाव तापवून ठेवतो."

आणि फावडं उचलून, आमच्याकडे न पाहता, तो बांध्यांकडे निघून गेला. मला रडू आवरेना. डोळे पुसले ते चिखलाच्याच हातांनी, त्यामुळे सगळे पुन्हा हसले. सगळ्यांत मोठ्यानं ती.