शेकोटीजवळ वितळलेला म्हातारा

हिवाळा आला की हैबतीचं वय वीस वर्षांनी वाढायचं. एरवी गडी चौतिशीचा, पोलादपूरच्या डोंगरात शेती करणारा, धडधाकट. पण मार्गशीर्षाची थंडी पडली की गाल खडबडीत, ओठांना चिरा आणि केस असे राठ, की कंगव्यानं हात जोडावेत. त्यात भातं झोडून झाली की सोयरिकी जुळवायचा मोसमही नेमका तेव्हाच. तीन मुलींनी त्याला नाकारलं होतं. एकाहत्तर साली चौथं स्थळ आलं, शिवथरचं.

"हे बी हुकलं तर मी आता कुनाच्या दारात जायची नाय," आईनं, ठकूबाईनं, बजावलं. हैबती वरवर हसला, पण आतून पार टरकला होता.

ठकूबाईनं त्याला मुठेलाचा गोळा दिला. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. थिजत आलं की मुठीत दाबून त्याचे पांढरट गोळे करतात. "नखभर घे, ओठांना नि टाचांना लाव," ती म्हणाली. नखभरानं एवढं, तर गोळ्यानं केवढं, असा हिशोब हैबतीनं केला. पहाटे अख्खा गोळा चुलीवर पातळ करून त्यानं डोक्यावर ओतला, मिशांना चोपडला, भांग पाडला आणि डोक्यावरून, कानातोंडावरून मफलर गुंडाळून भागोजीकाकाबरोबर वाट धरली.

शिवथरला ऊन उशिरा उतरतं. मुलीच्या अंगणात हैबतीनं ऐटीत मफलर काढला. वाटेतल्या गारठ्यानं मुठेल केव्हाच थिजलं होतं. डोकं पांढरं, मिशा पांढऱ्या.

मुलीचे वडील रावजी त्याच्याकडे बघतच राहिले. "भागोजी, हे नवऱ्याचे वडील का? नि नवरा मागून येतोय व्हय?"

हैबतीचे वडील जाऊन आठ वर्षं झाली होती.

"ह्योच नवरा," हैबती पुटपुटला. रावजींचा चेहरा पडला. पण दारात आलेल्याला चहाशिवाय कसं घालवणार? त्यांनी दोघांना शेकोटीपाशी बसवलं. हैबतीला रडायला येत होतं. आता आईच्या माघारी जन्मभर आपल्या भाकऱ्या आपणच थापायच्या, हे त्याला लख्ख दिसलं.

चहा घेऊन मुलगी आली, बनू. कप पुढे करता करता ती थबकली. हैबतीच्या कपाळावरून, मिशांवरून तेलाचे ओघळ निघाले होते आणि मागं काळेभोर केस उघडे पडत होते.

"आबा, म्हातारा वितळतोय!" ती ओरडली आणि हसता हसता खालीच बसली. "मुठेल हाय काय वो? किती लावलंत?"

"अख्खा गोळा."

"समदं डोक्याला? मंग माझ्या टाचांना काय र्‍हायलं?"

रावजींनी लेकीकडे पाहिलं आणि तारीख काढायला भटजीला निरोप धाडला.

सतरा वर्षं झाली. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात हैबतीचे केस खरोखरच पांढरे झाले. आरशात बघून तो मनातून खचला. बनू अंगणातून ओरडली, "अवो, शेकोटीकडं सरका, पांढरं उतरल."

तो निमूट जाऊन बसला. थोड्या वेळानं तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"उतरलं गो?"

"नाय. र्‍हाऊ दे आता," ती म्हणाली आणि फुटलेल्या टाचा त्याच्या मांडीवर ठेवून तिनं मुठेलाचा गोळा त्याच्या हातात दिला.