अंगणवाडीतलं रानडुक्कर

माझ्या सुनेनं मला डुक्कर व्हायला सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं.

सून वैशाली खालापूरच्या अलीकडं, आमच्याच गावात अंगणवाडी चालवते. मागच्या तपासणीला मोठ्या बाई आल्या तेव्हा पोरं भिंतीला टेकून मुकी बसली. बाईंनी वहीत शेरा मारला, 'मुलं बोलत नाहीत.' वैशाली दोन दिवस जेवली नाही. (आम्हाला वाढत होती, खोटं कशाला सांगू.) या खेपेला तिनं रानातल्या प्राण्यांचं नाटक बसवलं. पोरांनी शेकरू होऊन उड्या मारायच्या, घोरपड होऊन सरपटायचं. शेवटी रानडुक्कर येणार आणि पोरं त्याला विचारणार, "डुकरा, डुकरा, तू काय खातोस?" डुक्कर व्हायची होती ती मदतनीस. तिला नेमका ताप आला.

"आई, तुमी नुसतं रांगत या," वैशाली म्हणाली. "जास्त काय करू नका."

नुसतं? भाताची राखण करण्यात माझा जन्म गेला. डुक्कर कसं येतं ते मला सांगते.

तपासणीच्या दिवशी शेकरं भिंतीलाच चिकटली. घोरपडी रडायला लागल्या. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, वैशालीचा चेहरा पडला. तेवढ्यात मी नवऱ्याची काळी घोंगडी पांघरून, नाक जमिनीला लावून, घुरघुरत दारातून आत घुसले.

"डुक्कर आलं रं!" चार वर्षांची चिंगी किंचाळली.

काय खातोस, हे कुणी विचारलंच नाही. आमच्या पोरांना ते ठाऊक आहे. त्यांच्या बापाचं भात खातं. त्यांनी खिचडीच्या ताटल्या उचलल्या आणि चमच्यांनी बडवायला सुरुवात केली.

"हाऽऽ रं! हाऽऽ!"

"मागनं घेर त्याला!"

मला वाटलं, काम रंगतंय. मी आणखी घुरघुरले. एक चप्पल कानाजवळून गेली. दुसरी गेली नाही, लागली.

आमच्याकडं डबा वाजला की ऐकेल त्यानं काठी घेऊन धावायचं, शेत कुणाचं ते विचारायचं नाही. माझा नवरा शेजारी भात कापत होता. तो धावत आला. मी अंगणात पळाले ती नेमकी त्याच्या पुढ्यात. काठी पाठीत बसली.

"अवं, मी हाय!"

त्यानं घोंगडी वर करून बघितलं. "मग आधी बोलायचंस ना."

"डुक्कर बोलतंय व्हय?"

वैशाली दारात डोळे पुसत उभी. "आई, माझी नोकरी गेली."

आत मोठ्या बाईंना पोरांनी घेरलं होतं. डुक्कर कुठं झोपतं, बांध कसा उकरतं, पिल्लं किती असतात, सगळी एकदम सांगत होती. बाईंनी दोनदा गप्प बसा म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी वैशालीनं माझ्या पाठीला हळद-तेल चोळत नवा शेरा वाचून दाखवला, 'मुलं धीटपणे बोलतात. रानडुक्कर उत्तम.'

मी चौथी पास झाले, त्यानंतर सरकारी वहीत माझं कौतुक आजच आलं. वैशाली म्हणाली, "बाईंना सांगून तुमचं नाव घालू का?"

म्हटलं, नको. डुक्कर कोण ते गावाला न सांगता कळतंय.