दोन्ही ठराव मंजूर

मागच्या फोनवर तुम्ही दोघं खूप हसलात. तुमच्या बाबांनी तुम्हाला दूध संस्थेच्या सभेची गोष्ट सांगितली होती: आजीने सभेत उभं राहून विरोध केला आणि सभेने त्या विरोधालाही ‘मंजूर’ म्हटलं. गोष्ट खरी आहे. ती हसण्यासारखी आहे हे मात्र मला मान्य नाही. तुमचे बाबा तेव्हा शाळेत जात होते आणि सभेला नव्हते. म्हणून मीच ती क्रमाने लिहून पाठवते आहे.

माझं शिक्षण हैदराबादला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत झालं. लग्न होऊन लिंबागणेशजवळच्या आपल्या गावी आले. तुमचे आजोबा हायस्कूलमध्ये मास्तर होते. गावच्या सहकारी दूध संस्थेत मी कामाला लागले, हुद्दा मदतनीस. सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचं, त्याची फॅट तपासायची, जिल्ह्याहून आलेल्या इंग्रजी पत्रांना उत्तरं लिहायची. व्यवस्थापक वयस्कर होते आणि बहुतेक वेळ खुर्चीत पेंगत असत. त्यांची निवृत्ती जवळ आली, आणि नव्या व्यवस्थापकाकडे व्यवस्थापनाची पदविका हवी असा नियम वरून आला. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष स्वतः आपल्या ओसरीवर येऊन बसले.

“बाई, तुमी इंग्रजी शिकलेल्या. ती परीक्षा तेवढी देऊन टाका. जागा तुमचीच हाय. बाहेरचा माणूस कशापायी आणायचा?”

मला चाळिशी उलटून गेली होती. पण ती जागा मला हवी होती, कारण तिचं काम मी आधीपासूनच करत होते. मी पोस्टाने शिकवणाऱ्या विद्यापीठात नाव घातलं. पुस्तकं टपालाने यायची आणि रविवारी बीडच्या एका कॉलेजात वर्ग भरायचे. पहिल्या रविवारी मी एसटीत नारायणगडच्या भाविकांच्या गर्दीत उभी राहून पोचले. वर्गात शिरले तर सर म्हणाले, “पालकांनी बाहेर व्हरांड्यात थांबा.” मी पहिल्या बाकावर बसले आणि पुस्तक उघडलं. सरांनी माफी मागितली नाही. पुढची दोन वर्षं ते मला काकू म्हणत राहिले. वर्गातल्या बँकेच्या कारकुनांना मात्र ते साहेब म्हणत.

ती दोन्ही वर्षं दुष्काळाची होती. विहिरी आटल्या, गावात टँकर यायचा. टेकडीपलीकडच्या माळावर जनावरांसाठी चारा-छावणी उघडली आणि अर्धं गाव म्हशी-गायींबरोबर तिकडेच राहायला गेलं. मी टँकरच्या रांगेत कळशीवर पुस्तक ठेवून वाचायची. आपल्या शेजारच्या धनगराच्या घरची बाई, तोंडाने फटकळ, रांगेतूनच विचारायची, “बाई, ह्या वयात शाळा? घरात अख्खा मास्तर असून?”

“मास्तर भूगोल शिकवतात,” मी म्हणायची.

“मग पाणी कुठं हाय ते तरी सांगा म्हणावं.”

रांग हसायची, मीही हसायची. राग यायचा तो पुस्तकांचा. त्यांत परदेशातल्या साबणाच्या आणि मोटारींच्या कारखान्यांची उदाहरणं होती. छावणीत बसून दूध काढणारी बाई, उन्हात ठेवलेला कॅन, अध्यक्षांची मर्जी, यांतलं काहीच नव्हतं.

शेवटच्या वर्षी एखाद्या संस्थेवर प्रकल्प लिहायचा होता. मी आपल्या संस्थेच्या दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवर लिहिला. आपला टेम्पो सकाळी आधी अध्यक्षांच्या वस्तीवर जायचा, मग गावात, आणि शेवटी छावणीवर. खरं तर वस्तीवरचं दूध गोठ्याच्या सावलीत तासभर सुखाने राहिलं असतं. छावणीचं दूध मात्र पहाटेपासून उघड्या माळावर तापत पडायचं आणि शीतकेंद्रावर पोचेपर्यंत नासायचं. केंद्र कॅन परत पाठवायचं आणि बाया ते दूध माळावर ओतून द्यायच्या. टेम्पो आधी वस्तीवर का जातो, असं मी चालकाला विचारलं. तो म्हणाला, “मालकाच्या घरच्या पोरांना शाळेत सोडायचं असतंय ना.”

मी अध्यक्षांकडे गेले आणि टेम्पो उलटा फिरवा म्हणाले: आधी छावणी, मग गाव, शेवटी वस्ती. ते कुरकुरले, पण एवढे कॅन परत येत होते की त्यांचाही नाइलाज झाला. मार्ग बदलला आणि छावणीचं दूध नासायचं थांबलं. प्रकल्प वाचून सरांनी चांगले गुण दिले आणि विचारलं, “काकू, हे कुठल्या पुस्तकातून घेतलं?”

मी पास झाले. तोवर जुने व्यवस्थापक निवृत्तीला आले होते आणि वार्षिक सभा ठरली.

आता सभेची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ठराव वाचून होताच पुढच्या रांगेतले चार-पाच जण ‘मंजूर’ म्हणतात आणि मग सगळा मांडव ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो. काय वाचलं ते कोणी ऐकत नाही. मांडव भरलेला दिसावा म्हणून त्या दिवशी छावणीतल्या बायांनाही ट्रॅक्टरमधून आणून मागे बसवलं होतं.

आधी अध्यक्षांचं भाषण झालं. “आमी टेम्पोचा रस्ता बदलला, दूध वाचवलं,” असं ते म्हणाले. तेही मी गिळलं. मग ठराव वाचले गेले. त्यांतला एक असा: शिक्षणाची अट शिथिल करून व्यवस्थापकपदी अमुक यांची नेमणूक करण्यात यावी. अमुक म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या. तो इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याला फॅट कशी तपासतात हे दुरूनही माहीत नव्हतं. मला आधी कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मांडव ‘मंजूर’ म्हणाला.

मी उभी राहिले. आवाज चढू न देता म्हणाले, “या नेमणुकीला माझा विरोध आहे. अट शिथिलच करायची होती, तर मला दोन वर्षं कशाला शिकायला लावलं? ही नेमणूक रद्द करण्यात यावी.”

बोलून मी थांबले, आणि सवयीने पुढची रांग म्हणाली, “मंजूर.” मागून सगळा मांडव म्हणाला, “मंजूर, मंजूर.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग हशा पिकला. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, “झालं. दोन्ही ठराव मंजूर. आता चहा घ्या.”

तुमच्या बाबांची गोष्ट इथे संपते. माझी संपत नाही.

मी खाली बसले नाही. तालुक्याहून सहकार खात्याचे अधिकारी आले होते, त्यांना विचारलं की दोन उलट ठराव एकाच सभेत कसे मंजूर होतात. त्यांनी चहाचा कप नाइलाजाने खाली ठेवला. “मग हात वर करून मतं घ्या,” म्हणाले.

नेमणूक रद्द करण्याच्या बाजूने कोण, असं विचारल्यावर मागच्या बायांचे हात वर गेले. बांगड्यांचा आवाज झाला म्हणून मी वळून पाहिलं. छावणीतली जवळजवळ प्रत्येक बाई हात वर करून बसली होती. टेम्पो कोणी फिरवला हे त्यांना माहीत होतं.

“बायांनी हात खाली घ्या,” अध्यक्ष म्हणाले. “फक्त सभासदांचे हात मोजायचे.”

सभासद म्हणजे घरातला पुरुष. दूध काढणारी बाई, कॅन डोक्यावर आणणारीही बाईच, पण नाव नवऱ्याचं. मंजूर म्हणायला त्यांची तोंडं चालत होती. हात चालत नव्हते. ते हात एकेक करून खाली गेले. माझाही गेला, कारण आपल्या घरचं सभासदत्व तुमच्या आजोबांच्या नावावर होतं. पुरुषांपैकी आजोबांचा आणि छावणीतल्या दोघा-तिघांचा हात वर राहिला. बाकीचे पहिल्या रांगेकडे बघत बसले. पुतण्या व्यवस्थापक झाला.

परत जाताना टँकरच्या रांगेतली ती शेजारीण माझ्यासोबत होती. “पहिल्यांदा काय वाचलं ते आमी ऐकलंच न्हाई, बाई. वाचणारा थांबला की मंजूर म्हणायचं, एवढंच ठाव.”

“मग ऐकत जा,” मी तोडून म्हणाले.

“ऐकून तरी काय करावं? हात तर खालीच घ्यायला लावला.”

त्याच संध्याकाळी अध्यक्ष पुन्हा आपल्या ओसरीवर आले. तीच जागा, तोच हसरा चेहरा. “पोरगं नवं हाय, बाई. दोन-चार महिने तुमी हाताखाली घेऊन शिकवा. तुमचा हुद्दा हाय तसाच राहील.”

“ते शिकवायचे वर्ग रविवारी बीडला भरतात,” मी म्हणाले. “मी एसटीने जात होते. तुमच्याकडे जीप आहे.”

“लई राग धरला तुमी.”

“हो.”

“आवं, संस्था तुमचीच हाय.”

“माझी असती तर माझा हात मोजला असता.”

ते आजोबांकडे वळले. “मास्तर, तुमी तरी सांगा की.”

आजोबा चहा घेऊन उभे होते. “व्यवस्थापनातलं मला काय कळतं? ते ती शिकली आहे,” असं म्हणून त्यांनी अध्यक्षांपुढे कप ठेवला. अध्यक्ष चहा तसाच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. पुतण्याने आठवड्याभरात टेम्पो पुन्हा आधी वस्तीवर न्यायला सुरुवात केली. छावणी उठेपर्यंत बाया माळावर दूध ओतत राहिल्या. त्यांची सभासदत्वाची मागणी घेऊन मी त्यांच्यासोबत तालुक्याच्या कचेरीत गेले. एका घरातून एकच सभासद, असं ऐकून परत आले. काही जणींनी घरी भांडून नवऱ्याच्या जागी आपलं नाव लावून घेतलं. बऱ्याच जणींना ते जमलं नाही.

मला बीडच्या एका महिला संस्थेने व्यवस्थापक म्हणून घेतलं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी रोज सकाळच्या एसटीने गेले आणि दिवेलागणीला परत आले. तुमचे बाबा शाळेतून यायचे तेव्हा घराला कुलूप असायचं. ते अजून म्हणतात, आईला बाहेर जायची हौस होती. हे वाक्य तुमच्यासमोरही त्यांनी म्हटलं असेल. हौस नव्हती. माझ्या दारातलं काम, मी करत असलेलं, मी शिकून घेतलेलं, दुसऱ्याला दिलं गेलं होतं, म्हणून मला रोज बीडला जावं लागलं. पुढच्या वेळी त्यांनी ती गोष्ट हसत सांगितली, तर एवढं त्यांना माझ्या वतीने सांगा.