बाबांनी पुजलेला बाण

वाळवंटात दगड शोधायला जाते असं सांगितलं की ऐकणारा आधी पोटभर हसून घेतो. ‘दगडच शोधायचे होते तर सह्याद्री काय वाईट होता?’ हा आमच्या ह्यांचा ठेवणीतला टोमणा. मी ऐकून सोडून देते. कतारच्या ह्या माळावर आज काही म्हणजे काही उगवत नाही, पण हजारो वर्षांपूर्वी इथे गवत होतं, हरणं होती आणि हरणांमागे फिरणारी माणसं होती. त्यांनी गारगोटी फोडून केलेली बाणांची टोकं अजूनही कधीतरी वाळूत पडलेली दिसतात. आमच्या शुक्रवारच्या गटाचे नियम मात्र कडक. खणायचं नाही, उचलायचं नाही. दिसलं की फोटो काढायचा आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. म्हणजे छंद कसला, तर मान खाली घालून चालायचं. लग्नानंतर जे मला कधी जमलं नाही, ते इथे येऊन जमलं.

गेल्या वर्षी नाशिकहून बाबा आमच्याकडे राहायला आले. आईला जाऊन दोन महिने झाले होते. ती गेली त्या दिवशी मी इकडे कतारमध्ये, लुसैलच्या ऑफिसात होते, भाऊ पुण्यात. मी नाशिकला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात त्या दिवशी फक्त बाबा होते, आणि बाबा बोलायला तयार नव्हते. मला जगातलं दुसरं काही नको होतं, एवढंच कळायला हवं होतं की शेवटी आईजवळ कोणी होतं का, की ती एकटीच गेली. विचारलं की बाबा म्हणत, “झालं ते झालं,” आणि उठून दुसऱ्या खोलीत जात. अल दुहैलच्या आमच्या घरात खोल्या पुष्कळ, त्यामुळे त्यांची सोय होती. माझा जीव मात्र तिथेच अडकला होता.

आयुष्यभर नाशिकच्या कारखान्यात टूलरूममध्ये काम केलेला माणूस दिवसभर सोफ्यावर बसून एसीकडे बघत राहायचा. माझी लेक इंग्रजीत काही विचारायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, आणि तेवढ्यात दोघांचं संभाषण संपायचं. आईच्या मागे त्यांनी देवापुढे दिवाही लावला नव्हता. शेवटी ऊन जरासं नरमल्यावर एका शुक्रवारी पहाटे मी म्हटलं, “बाबा, यल्ला! चला माझ्याबरोबर दगड बघायला.” चक्क आले.

पण चालवेना. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी बसतो.” टोपी घातली, पाण्याची बाटली जवळ ठेवली आणि एका उंचवट्यावर बसले. आम्ही फिरून आलो तेव्हा तिथेच होते. आम्हाला त्या दिवशी काही सापडलं नव्हतं. परतताना गाडीत बाबांचा चेहरा कधी नव्हे तो जागा वाटला. मला वाटलं, मोकळ्या हवेचा गुण.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी होती. आमच्याकडे शस्त्रं म्हणून पुजायला विळी, सुरी, ह्यांचा पाना आणि माझा लॅपटॉप. मी आंघोळ करून देवघरात आले तर बाबा आधीच पाटावर बसलेले, समई लावलेली. विळीच्या शेजारी तांदळावर करंगळीएवढा एक दगड, दोन्ही बाजूंनी निमुळता होत गेलेला, हळदकुंकू माखलेला, वर झेंडूचं फूल. समईकडे बघून मला भरून आलं, आणि दगडाकडे बघून माझं डोकं फिरलं.

“बाबा, हे कुठून आणलंत?”

“तिथूनच. मी बसलो होतो ना तिथे.”

“उचलायचं नसतं म्हणून कितीदा सांगितलं होतं! आणि वर हळदकुंकू?”

“अगं, धार बघ त्याची! मशीन नाही, कानस नाही, नुसत्या हातांनी काढलीय. आज अशा हत्याराची पूजा नाही करायची तर काय तुझ्या लॅपटॉपची करायची?”

मी लॅपटॉप जरा मागे सरकवला. पण सरकारची वस्तू घरात ठेवून चालणार नव्हतं. मी फोन करून वेळ घेतली. निघताना बाबांनी त्यावर अक्षता वाहिल्या, देव हलवतात तसा तो जागचा जरा हलवला, मगच माझ्या हातात दिला.

पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात आम्हा दोघांसमोर एक तरुण कतारी बाई होती. आता बोलणी बसणार म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. तिने हातमोजे घालून तो बाण दिव्याखाली धरला आणि हे लाल-पिवळं काय आहे म्हणून विचारलं. वर्षातून एकदा हत्यारांचा मान करायची आमची रीत मी सांगितली. ती हसली. म्हणाली, “आता पुसू नका. हेही ह्याच्या गोष्टीत आलं.” मग मात्र तिने सांगितलं की वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी गोष्ट हरवते, तेव्हा आठवतंय ते सगळं पहिल्यापासून सांगा.

बाबा मराठीत सांगू लागले, मी इंग्रजीत. टोक उगवतीकडे होतं. अर्धा वाळूत होता. जवळ एक फुटका शिंपला होता. बाबा सांगता सांगता थांबले. म्हणाले, “तिला सांग, मी कितीतरी वेळ त्याच्या शेजारीच बसलो होतो. हात टेकला होता तिथून वीतभर लांब. पण उठायची वेळ होईपर्यंत मला दिसलाच नाही.” मी सांगितलं.

ती बाबांकडे बघून म्हणाली, “असं आम्हा सगळ्यांच्या बाबतीत होतं. आपण शेजारी बसलेले असतो आणि कळत नाही. त्यात कोणाचा दोष नसतो.” मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि तिला “शुक्रन” म्हणाले. आभाराचा हा अरबी शब्द ते कधी शिकले, देव जाणे.

गाडीत बसल्यावर मी एसी लावला. सिग्नलला थांबलो होतो तेव्हा बाबा आपणहून बोलू लागले, तिथे बोलले होते त्याच आवाजात, पहिल्यापासून.

“सकाळी तिने चहा अर्धाच घेतला. मग मेथी निवडायला बसली. म्हणाली, जरा पडते. मी म्हटलं, पोरीला फोन लावू का? तर म्हणाली, नको, आज रविवार असला तरी तिकडे ऑफिस असतं. संध्याकाळी लावू. भिंतीकडे तोंड करून झोपली. तिची मेथी राहिली होती, ती मी घेतली. तिच्या उशाशी बसून सगळी जुडी निवडली, बोलत होतो तिच्याशी. मला वाटलं झोपलीय. मला कळलंच नाही गं. शेजारी बसून कळलं नाही, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?”

मी गाडी कडेला घेतली. मागून एकाने हॉर्न वाजवला, वाजवू दे म्हटलं. त्या बाईचे उपकार, ते हत्यार घडवणाऱ्या अनोळखी हातांचे उपकार, कोणाकोणाचे मानू असं मला झालं होतं. मी बाबांचा हात धरला.

“म्हणजे तुम्ही तिच्याशी बोलत होतात, बाबा?”

“हो. भाजी जून आहे म्हणून कुरकुरत होतो.”

“मग ती तुमचा आवाज ऐकत गेली,” मी म्हटलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र रडलो.