फळ्यावरची जन्मतारीख

आमच्या शाळेतल्या मुलांना माऊस फार सुंदर काढता येतो. चालवता येतो असं मी म्हटलेलं नाही. वहीत काढता येतो, वायरीसकट, डाव्या-उजव्या बटणांना बाण दाखवून, खाली पट्टीनं रेघ मारून. संभाजीनगरहून सकाळच्या एसटीनं कन्नड, तिथून जीपनं पिशोरकडची ही शाळा, असा प्रवास करून मी कितीतरी वर्षं संगणक हा विषय खडूनं शिकवते आहे. ह्यात माझा काही दोष नाही, असं मी परवापरवापर्यंत समजत होते.

संगणकाच्या खोलीत बारा यंत्रं आहेत. त्यांतली चार चालतात, तीही लाईट असली तर. खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असते. ते तालुक्याला मीटिंगला गेले की किल्लीही मीटिंगला जाते. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. शिवणाच्या मॅडमनी शिवलेली फुलाफुलांची कापडं यंत्रांवरून उतरवायची, घड्या घालायच्या आणि तास संपताना पुन्हा चढवायची. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तेव्हा हळदीकुंकू थेट कीबोर्डवर वाहतात. ते मी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ब्रशनं उकरत बसते. एका कीबोर्डची निम्मी बटणं कुंकवानं कायमची बसली, हे मी मुख्याध्यापकांना दाखवलं, तर पूजेनं कधी काही बिघडत नसतं, असं त्यांनी मला ऐकवलं. वर्गातला मोठा डिजिटल फळा तर पाहुणे आले की त्यांच्या स्वागताचा मजकूर दाखवतो. एरवी त्याच्यावर पडदा असतो.

मग काय करणार? मी साधा फळा धरला. फळ्यावर कीबोर्ड काढायचा, फळ्यावर खिडक्या उघडायच्या, फळ्यावरच बंद करायच्या. आणि म्हणायचं, फळ्यावर आहे तसं उतरवून घ्या. शिस्तीच्या बाबतीत मी कडक. समास हवा, महत्त्वाच्या गोष्टीला लाल चौकट हवी, आणि वहीशिवाय माझ्या तासाला कुणी बसायचं नाही. मुलं इतकी आज्ञाधारक की एकदा आदल्या तासाचं गणित फळ्याच्या कोपऱ्यात पुसायचं राहिलं होतं, तेही अर्ध्या वर्गानं कीबोर्डच्या शेजारी उतरवून ठेवलं. स्टाफरूममध्ये ही गोष्ट मी हसत हसत सांगितली होती. म्हटलं, ह्यांच्या डोक्यात काही शिरतच नाही.

दहावीच्या मुलांचे ईमेल काढून त्यांची यादी शुक्रवारपर्यंत पाठवा, असा वरून निरोप आला तेव्हा जानेवारी चालू होता. वर्ग भरगच्च, यंत्रं चार, दिवस तीन. मी फळ्यावर नमुना अर्ज काढला. नाव, आडनाव ह्यांच्यापुढे रेघा मारल्या. मोबाईल नंबर ज्यांच्याकडे नाही त्यांनी रकाना रिकामा सोडा, असं लिहिलं. पासवर्ड मनानं ठरवा आणि कुठंही लिहून ठेवू नका, हे तर तीनदा बजावलं. जन्मतारखेच्या जागी उदाहरण म्हणून काहीतरी हवं होतं. पटकन दुसरं सुचलं नाही, म्हणून माझीच लिहिली. उतरवून घ्या, म्हटलं. चार-चारांच्या तुकड्या वह्या घेऊन आत गेल्या आणि मी यादी करत बसले. एकाही मुलाचं खातं अडलं नाही ह्याचं मला कौतुकच वाटलं. यादी गुरुवारीच गेली.

त्यातल्या एका मुलीची ही गोष्ट आहे. गणितात वर्गात पहिली, बोलणं मोजकं, अक्षर छापल्यासारखं. निकाल लागल्यावर तिनं शहरातल्या सरकारी पॉलिटेक्निकचा अर्ज कन्नडच्या एका सेंटरवर भरला. अर्ज पक्का करायला मेलवर एक नंबर येतो, तो घातल्याशिवाय अर्ज धरत नाहीत. शेवटच्या दिवशी, दुपारी एक वाजता, ती वडिलांना घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. जानेवारीनंतर मेल उघडलाच नव्हता. पासवर्ड आठवत नव्हता. पाच वाजता अर्जाची खिडकी बंद होणार होती.

वडिलांची अद्रकाची शेती. बोलताना नजर जमिनीवर. मुलीला बाहेर पाठवायला घरात कुणी राजी नव्हतं, त्यांनीच सगळ्यांना समजावलं होतं, असं त्यांनी अडखळत सांगितलं.

"मॅडम, आवंदा नाव लागलं तर ठीक. न्हाईतर समदे म्हणतील, बघा, सांगत व्हतो. मंग मलाबी काय बोलता यायचं नाय. गावातच अकरावीला घालावं लागंल."

त्यांना बसा म्हटलं, तर ते चपला काढून दाराबाहेरच पायरीवर बसले.

लाईट नव्हतीच. मी मोबाईलवरून प्रयत्न सुरू केला. पासवर्ड विसरलात का? हो, विसरलो. जन्मतारीख सांगा. तिनं सांगितली, मी घातली. चुकीची आहे, असं उत्तर आलं. पुन्हा घातली, पुन्हा तेच. मग थोडा वेळ थांबून प्रयत्न करा, अशी सूचना आली, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला काय काय बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. स्वतःची जन्मतारीख धड भरता येत नाही, पॉलिटेक्निकला जाऊन काय दिवे लावणार? वर्षभर मी काय भिंतींना शिकवत होते का? दाखल्यावर वेगळी तारीख आहे का, घरच्यांनी शाळेत घालताना वय वाढवलं होतं का, असं मी बाहेर बसलेल्या वडिलांनाही दरडावून विचारलं. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. ती तारीख त्यांना पाठ होती, वारासकट. मुलगी ओठ दाबून उभी होती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शहरातल्या मदत केंद्रावर जाऊन मेल बदलून मिळतो, हे मला माहीत होतं. पण तिथं पोचायला अडीच तास, आणि पुढची जीप भरेल तेव्हा निघणार. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"वही आणली का?" मी विचारलं. खरं तर सवयीनंच विचारलं, रागाच्या भरात. माझ्यासमोर येणाऱ्या कुणालाही मी हेच विचारते.

तिनं आणली होती. दाखला, गुणपत्रक, आधारची झेरॉक्स, आणि त्यांच्या खाली खाकी कव्हर घातलेली माझ्या विषयाची वही. शाळा सुटून तीन महिने झालेले, परीक्षा संपलेली, तरी मॅडमकडे जायचं म्हणून आणली होती. मी पानं उलटत गेले. कीबोर्ड, सुबक. माऊस, त्याहून सुबक. कोपऱ्यात ते परकं गणित. आणि मग तो नमुना अर्ज. नावापुढं तिचं नाव. मोबाईलचा रकाना रिकामा. पासवर्डपुढं काही नाही, कारण लिहू नका म्हटलं होतं. जन्मतारखेपुढं लाल चौकटीत, छापल्यासारख्या अक्षरात, चाळिशी ओलांडलेल्या बाईची जन्मतारीख. माझी.

पानाच्या तळाशी बरोबरची खूण होती आणि 'छान' असा शेरा. खाली माझीच सही.

 मी मोबाईलवर माझी तारीख घातली. खातं उघडलं. नवा पासवर्ड मागितला. तो तिला द्यायला लावला आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहायलाही लावला. अर्जाचा नंबर आला, तो भरला, आणि अर्ज पक्का झाल्याची हिरवी ओळ दिसली तेव्हा तीन वाजायचे होते. मी बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. मला म्हणाले, तुम्ही व्हता म्हणून झालं.  मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

आत येऊन तिला विचारलं. आवाज चढू नये म्हणून हळू विचारलं.

"ही तारीख तुझी नाही, हे तुला तेव्हा कळलं नव्हतं?"

"कळलं व्हतं मॅडम." ती कागदपत्रं पिशवीत भरत होती. "पण फळ्यावर व्हतं. तुम्ही म्हनल्या व्हत्या, आहे तसंच उतरवा."

म्हणजे तिच्या डोक्यात सगळं शिरलं होतं. मी सांगितलेलं, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. त्या वर्गातली बाकीची मुलंही आता कुठं कुठं अर्ज भरत असतील, सगळ्यांचा वाढदिवस माझ्याच दिवशी, आणि त्यातल्या कितीजणांना वही सांभाळायची बुद्धी झाली असेल कोण जाणे. हजेरीपट काढून एकेकाला फोन लावायचं मी मनात ठरवलं. मला स्वतःचा मनस्वी राग आला होता, आणि तो काढायला आता दुसरं कुणी नव्हतं.

ती दारापर्यंत गेली. चपलेत पाय घातला आणि थांबली.

"मॅडम," तिनं विचारलं, "आता त्याच्यात माझी तारीख टाकू का?"

टाक, म्हटलं. ती चपला काढून परत आत आली, आणि मी मोबाईल तिच्या हातात दिला.