पहिली नजर

लग्नाला महिना झाला होता आणि मला पेणच्या सासूबाईंवर छाप पाडायची होती. म्हणून त्यांना मुंबईच्या संग्रहालयात नेलं आणि मेरी-येशूच्या जुन्या इटालियन चित्रापुढे पुस्तकी प्रवचन लावलं. शेजारी नखांत रंग बसलेला एक म्हातारा हवेत बोट फिरवत होता.

“हात लावू नका हं!” मी दटावलं.

“नाय लावत, बाय. पेणला गणपतीचे डोळे काढतो मी. डोळे शेवटी. ते उघडले की देव पहिलं आपल्यालाच बघतो. या आईनं पण चितारणाऱ्यालाच पहिलं बघितलं असणार.”

मी पुन्हा चित्रातल्या छायाप्रकाशाच्या प्रवचनावर घसरले.

“गप गो,” सासूबाई म्हणाल्या, “त्यांना बोलू दे.”

त्या भाद्रपदात मी गणपतीपुढे हात जोडले, पण बघत राहिले मोदकाकडे. न जाणो, डोळे मी दटावलेल्या त्या म्हाताऱ्यानेच काढलेले असायचे!