सूर्यनारायणाचा हप्ता

हळदी-कुंकवात आलेले ब्लाउजपीस कपाटात साठत जातात, तसे आमच्या गुरुवारच्या मंडळातले किस्से माझ्याजवळ साठलेत. टाकवत नाहीत, आणि नुसते ठेवून तरी काय करायचं? आम्ही सेलूच्या एकाच गल्लीतल्या बायका. दर गुरुवारी लक्ष्मीची पूजा करतो. आरती दहा मिनिटांची, प्रसाद तासाभराचा! त्याच तासात आम्ही फंडात उतरलो.

कारण झाली रेखा. तिची शेवयांची मशीन लाइट गेली की डिझेलच्या जनरेटरवर चालते. आखातात जहाजं अडकली, डिझेल महागलं, आणि तिचे यजमान दत्तराव म्हणायला लागले, "विकून टाकू ती मशीन!" रेखाला गच्चीवर सोलर बसवायचं होतं, पण जमवलेले पैसे पुरत नव्हते. मग माझ्या दिरांनी, सुधीरभाऊजींनी मार्ग काढला. ते म्युच्युअल फंडाचं काम करतात. म्हणाले, "तेल जहाजानं येतं, ते अडकतं. ऊन-वारा कोण अडवणार? त्यापासून वीज करणाऱ्या कंपन्यांत पैसे लावणारा फंड आहे. दरमहा हप्ता भरा, पैसे वाढले की सोलर!"

आमच्यात सगळ्यांत मोठ्या शकुंतलामावशी. त्या म्हणाल्या, "म्हंजे सूर्यनारायणाला पैसे द्यायचे? इतके दिवस नुसत्या पाण्यावर भागवलं की त्याला!"

तरी रेखाला सोबत म्हणून सगळ्यांनीच थोडा थोडा हप्ता सुरू केला.

* * *

सह्या करायच्या आधी भाऊजींनी जोखमीची सूचना वाचून दाखवली. एका दमात! मावशी हात जोडून, डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "झालं? आन् फलश्रुती?"

भाऊजी म्हणाले, "मावशी, तीच तर यात नसते!"

* * *

हप्ता म्हणजे व्रतच, मग नेम नको? मावशींनी नेम घालून दिला: हप्त्याच्या दिवशी घरातल्या कुणी पेट्रोलच्या गाडीवर बसायचं नाही. नेमकं त्या दिवशी आमच्या ह्यांना जिंतूरला लग्नाला जायचं होतं. मी मोटारसायकलची चावीच देव्हाऱ्यात ठेवली. हे निमूट एसटीनं गेले, पण परत आल्यावर मावशींना गाठलंच. "मावशी, एसटी डिझेलवर चालते!"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "उपासाला तांदूळ चालत न्हाई, भगर चालती. तसंच हाय ते."

ह्यांनी बी.एस्सी. केलंय. पण पुढच्या हप्त्याला चावी स्वतःच देव्हाऱ्यात ठेवली!

* * *

श्रावणात तीन दिवस आभाळ गच्च. मावशींचा भाऊजींना फोन. "आवो, ऊन न्हाई! आपल्या फंडाचं काय व्हायलंय?"

"मावशी, आपली पॅनलं राजस्थानात आहेत. तिकडं कडक ऊन आहे."

"तिकडचं ऊन आपल्या नावावर हाय, हे त्या लोकांला म्हाईत हाय का पण?"

* * *

आमच्या मंडळातल्या छायाकडे नवा मोबाइल. एका गुरुवारी ती पेढ्यांचा पुडा घेऊनच आली. "अगं, आपल्या फंडाचे आकडे इतके दिवस हिरवे होते, आज लालेलाल झालेत! मिरचीसारखे पिकले बघा!"

आम्ही पेढे खाल्ले. मावशींनी तर मोबाइललाही कुंकू लावलं. रेखानं मात्र पेढा हातातच धरून ठेवला. तिला ठाऊक होतं, लाल म्हणजे घसरण. जहाजं सुटली होती, तेल उतरलं होतं, आणि आमचा फंडही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, "देवी आहे गं."

ती म्हणाली, "देवी हाय वो वहिनी, पण घरी दत्तराव हायेत!"

* * *

आणि आलेच की दत्तराव! उन्हाळ्यातला गुरुवार, पूजा रेखाकडे, आमची आरती नुकती झालेली. "संध्याकाळी ताडकळसचा माणूस मशीन न्यायला येणार हाय. हिला म्हणावं, फंडातलं काय उरलंय ते आजच काढ."

रेखाचे डोळे भरले. मावशी म्हणाल्या, "काढा की. पण उद्यापन केल्याबिगर व्रत सोडता येत न्हाई. घरच्या शेवयांची खीर करा, सवाष्णी जेवू घाला, मग काढा."

"मग आत्ताच करा! रेखा, लाव मशीन!"

लाइट नव्हती. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. आणि त्याच आठवड्यात पुन्हा कुठंतरी जहाजं अडकली होती. दत्तराव तणतणत कॅन घेऊन पंपावर गेले.

दुपार कलल्यावर परत आले. चेहरा रापलेला, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, कॅन रिकामा. रांगेत दत्तरावांचा नंबर आला आणि पंपच कोरडा पडला! ओसरीवर बसले. रेखानं तांब्या दिला, तो एका दमात रिकामा केला. खिशात फोन वाजायला लागला. ताडकळसवाला! त्यांनी तो वाजू दिला.

मग वर बघत म्हणाले, "रेखा, आपल्या गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत राहतं गं?"